नोकरी गेली, कारणही कळतंय, तरी स्वतःवरचा भरवसा का उडालाय?

उभा_आडवा

नमस्कार मंडळी. इथे नुसता वाचायला येत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. जमेल तसं लिहितो, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तपासणी आणि पॅकिंग खातं बघायचो. माल सगळा निर्यातीचा, त्यातला बराचसा अमेरिकेला. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिकडे आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लागलं आणि ऑर्डरी थांबल्या. आधी रात्रपाळी बंद झाली, मग ठेक्यावरची माणसं कमी केली, मग आमची यादी निघाली. मालकांनी केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितलं. कुणी वाकडं बोललं नाही, कुणी माझ्या कामात खोट काढली नाही.

म्हणजे कारण मला माहीत आहे. ते समजायला फार हुशारी लागत नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोकं दुसराच हिशेब मांडायला बसतं. अमुक जण राहिला, मी का गेलो? त्याला कॉम्प्युटर येतो म्हणून? मला इंग्रजीत मेल लिहायला वेळ लागायचा म्हणून? इतकी वर्षं जे काम केलं ते खरंच चांगलं होतं, की कुणी बोललं नाही म्हणून चांगलं वाटत होतं? पहाटे तीनला जाग येते, ती येतेच.

टॉवेल उजेडाच्या टेबलावर पसरला की कुठे लूप सुटलाय, कुठे आडवा धागा तुटलाय, हे माझ्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. पोरं म्हणायची, साहेबांच्या हाताला दिसतं. आता घरी अंघोळीनंतर टॉवेल हातात घेतला तरी बोटं आपसूक किनारीवर फिरतात आणि पोटात खड्डा पडतो.

घरी सगळ्यांना माहीत आहे. बायको खंबीर आहे. पण मी बाहेर पडणं टाळायला लागलोय. दरवर्षी या दिवसांत संध्याकाळी नंदीध्वजाच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या उंच काठ्या पेलायच्या, सरावाला जातो. यंदा गेलो नाही. रस्त्यात कुणीतरी विचारणार, 'काय ओ, सुट्टी काय आज?' आणि त्याला काय सांगायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परवा नवी पेठेत जुना सहकारी समोरून येताना दिसला, तर मी दुकानात शिरून उगाच शर्टाचे भाव विचारत बसलो.

नोकरी कुठे शोधायची हे मला विचारायचं नाही, ते चालू आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येऊन गेलीय त्यांनी एवढंच सांगावं: हे जे आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं, ते कशाने कमी झालं?

मंगळवारपेठ

भाऊ, घरात बसू नका. मिळेल ते काम धरा. माझी औषध कंपनीतली नोकरी गेली तेव्हा चुलतभावाच्या किराणा दुकानात जाऊन बसलो. पोती मोजली, उधारीच्या वह्या लिहिल्या. पैसा म्हणाल तर नावाला. पण सकाळी दहाला कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यानेच मी सावरलो. विचार करायला वेळच ठेवू नका.

शेंगाचटणी

मंगळवारपेठ, तुमचा अनुभव खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'विचार करायला वेळच ठेवू नका' हे काही मला पटत नाही, कारण मी तेच करून बघितलं होतं.

करोनाच्या वर्षात माझी शाळेतली नोकरी गेली. खाजगी शाळा, प्राथमिकला शिकवायचे. लगेच घरी शिकवण्या सुरू केल्या, पापड-लोणच्याच्या ऑर्डरी घेतल्या, दिवसभर पायाला भिंगरी. आणि एके दिवशी भाजी चिरता चिरता रडायला लागले ती थांबेनाच. त्या सगळ्या धावपळीत मी एकदाही कुणाजवळ म्हटलं नव्हतं की मला माझी शाळा हवी होती, माझा वर्ग हवा होता. नातेवाईक म्हणायचे, 'तुला काय काळजी, नवऱ्याचा पगार आहे की.' घर चाललंय म्हटल्यावर बाईचं काही गेलंच नाही असं सगळे धरून चालतात. हळूहळू मीही तसंच धरून चालले, आणि मग स्वतःचाच राग यायला लागला की अरे, मग इतकं वाईट का वाटतंय आपल्याला?

माणूस गेलं तर तेरा दिवस घरात कुणी तुम्हाला 'उठा, कामाला लागा' म्हणत नाही. येतात, बसतात, गेलेल्याबद्दल बोलतात. नोकरी गेल्यावर तसं बसायला कुणी येत नाही. मला बरं वाटायला सुरुवात झाली ती एका जुन्या सहशिक्षिकेमुळे. ती दुपारी यायची आणि आम्ही फक्त शाळेबद्दल बोलायचो. कुठली मुलं कशी होती, कोण खोडकर, कोण आता मोठं झालं. सल्ला एक नाही. उभा_आडवा, तुमच्या खात्यातली जी माणसं तुमच्याबरोबर गेली, त्यांच्यापैकी कुणाशी तुम्ही बोललात का? तुम्ही सोडून सगळे राहिले असं तर नाही ना?

उभा_आडवा

ताई, नाही. आमच्या खात्यातलेच आणखी काही जण गेले. खरं सांगायचं तर त्यांना फोन करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्यांचा वरिष्ठ होतो, त्यांच्यासाठी काही करू शकलो नाही, या विचाराने फोन उचलवत नाही.

जुनी_पाळी

माझं वय आता पासष्टच्या पुढे. मिलच्या चाळीत वाढलो. सोलापुरात पहिली मोठी मिल १८७७ साली सुरू झाली, ती जुनी मिल. पुढे आणखी आल्या आणि गाव भोंग्यावर चालायला लागलं. पहाटेचा भोंगा झाला की गल्लीत चुली पेटायच्या. कुणाच्या घरी घड्याळ नव्हतं, लागायचंही नाही.

माझे वडील ज्या मिलमध्ये होते ती बंद पडली तेव्हा भोंगाही बंद झाला. वडील तरी त्याच वेळी उठायचे. अंघोळ, कपाळाला विभूती, धुतलेला सदरा, आणि मग ओट्यावर येऊन बसायचे. कुठे जायचं नसायचं. गल्लीतले सगळे बाप असेच आपापल्या ओट्यांवर. सुरुवातीला एकमेकांशी बोलायचे, मोर्चाच्या, कोर्टाच्या गोष्टी करायचे. नंतर नंतर बोलणंही आटलं. जिन्यात कुणी मोठ्याने हसलं तरी वडील चिडायचे.

घर आईने ओढलं. ती विडी वळायची. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, दिवसाला हजार विड्यांचं गणित. आमच्या शेजारच्या पद्मशाली घरातही तेच. बायका पाला घेऊन यायच्या, वळून कारखान्यात भरून यायच्या, आणि पुरुष ओट्यावर.

एक दिवस आईचा हात भाजला. वळणं जमेल, पण पाला कापणं जमेना. वडिलांनी दार लोटून घेतलं आणि पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पाला कापायला बसले. दार लोटून, हे लक्षात घ्या. बाप्याने विडीचं काम करायचं ही लाज होती. बरेच दिवस ते दार लोटूनच कापायचे. मग उन्हाळा आला, आत उकडायला लागलं, तेव्हा दार उघडलं. समोरच्या घरातल्या काकांनी बघितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात तेही आपल्या दारात कात्री घेऊन बसले होते.

वडिलांना पुन्हा मिलसारखी नोकरी कधीच मिळाली नाही. पण त्यांचं चिडणं गेलं, ते त्या उन्हाळ्यात. मंगळवारपेठ म्हणतात ते काम आणि शेंगाचटणी म्हणतात ते उघडपण, माझ्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही एकदमच आलं. नुसतं काम त्यांना दार लोटूनही मिळालेलं होतं.

उंचकाठी

उभा_आडवा, सरावाला या. सातही काठ्यांना माणसं लागतात आणि दरवर्षी पेलणारी जुनी माणसं कमी होतात. कुणी विचारलं तर मी शेजारी असेन, मी सांगेन. खरंच या.

निळीशाई

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनी_पाळी यांनी जे पाहिलं, जवळजवळ तेच ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल नावाच्या गावात संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. तेही गिरणीचंच गाव. महामंदीच्या सुरुवातीला तिथली कापडगिरणी बंद पडली आणि गावातल्या बहुतेक घरांचं काम एकदम गेलं. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले, त्यांचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला वाटेल की हाताशी एवढा वेळ आला म्हणजे लोक वाचतील, एकत्र येतील. झालं उलटं. ग्रंथालयाची फी माफ केली तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्याजवळ घसरलं. संशोधकांनी लोकांच्या नकळत घड्याळ लावून त्यांचं चालणं मोजलं, तर पुरुष रेंगाळत चालत होते, मध्येच थांबत होते. दिवसभर काय केलं असं विचारलं तर त्यांना नीट सांगता येत नव्हतं. बायका मात्र त्यांच्यापेक्षा भरभर चालत होत्या, कारण घरचं काम संपलेलं नव्हतं.

पुढे याहोडाने मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी न मागता देत असते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, एकट्याच्या पलीकडचं उद्दिष्ट, समाजात ओळख आणि हालचाल. नोकरी गेली की पाचही एकाच दिवशी जातात. उभा_आडवा, तुम्हाला जे 'मी कुचकामी' वाटतंय, त्यातला मोठा भाग या पाच गोष्टी एकदम हातातून गेल्याचा परिणाम आहे. तुमच्या गुणवत्तेचा निकाल त्यातून लागत नाही. मारिएनथालमधली माणसं काही एका रात्रीत नालायक झाली नव्हती.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात आत्मविश्वासाबद्दल काही करायला सांगतच नाही. आत्मविश्वास थेट वाढवता येत नाही असा माझा अनुभव आहे. उठण्याची वेळ तीच ठेवा, झोप लागली नसली तरी. दिवसातून एकदा घराबाहेरच्या एका माणसाशी समोरासमोर बोला. आणि असं एक काम घ्या जे तुम्ही केलं नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी खरंच अडेल. मनाला वाटेल तेव्हा नाही, ठरलेल्या वेळी. या दिवसांत मन आधी तयार होत नाही, आधी पाय उचलावे लागतात.

आता एक थेट प्रश्न विचारते, राग मानू नका. जगणं नको, मरून जावं, असे विचार येतात का? असं विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर इथे द्यायचं नसेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

उभा_आडवा

इथेच देतो, कारण माझ्यासारखं आणखी कुणी वाचत असेल.

मरावं असं नाही वाटत. पण सकाळी जाग येऊच नये असं वाटतं. मुलगी शाळेला निघताना 'पप्पा, येते' म्हणते तेव्हा ते जरा मागे सरतं. भूक नाही. भाकरी पुढ्यात येते आणि अर्धी राहते. रात्रीची झोप तर सांगितलीच.

निळीशाई

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जाग येऊच नये असं वाटणं हेही डॉक्टरांना सांगायचंच लक्षण आहे, ते किरकोळ समजू नका. मन खिन्न राहणं, कशात रस न वाटणं, झोप आणि भूक जाणं, स्वतःला दोष देत राहणं हे दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. या आठवड्यातच दाखवा. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून थेट दाखवता येतं. औषध दिलं तर त्याचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा चार गोळ्यांनी काही झालं नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका.

रात्री तीनला फार जड वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घेण्याचा विचार पक्का व्हायला लागला तर एकटे राहू नका, बायकोला उठवा, ११२ ला फोन करा किंवा सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात जा. वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहितेय.

परतीचा_प्रवासी

मी पुण्यात आयटीत होतो. एका सकाळी ऑनलाइन मीटिंगला बोलावलं आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. काही महिने तिथे भाडं भरत काढले, मग सामान बांधून जुळे सोलापुरात आई-वडिलांकडे आलो. लग्नाचं वय, त्यात बेकार, त्यात परत गावी. आईच्या मैत्रिणींसमोर बाहेरच्या खोलीत यायला नको वाटायचं.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. माझ्या समुपदेशकाने वहीच्या पानाला मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे डोक्यात येणारा आरोप, जसाच्या तसा. उजवीकडे त्याच्याबद्दल जे घडलंय तेवढंच, मत नाही. माझं पहिलं वाक्य होतं, 'मी इतरांपेक्षा मठ्ठ होतो म्हणून मला काढलं.' उजवीकडे लिहिताना कळलं की आमचं अख्खं प्रॉडक्टच बंद केलं होतं, त्यावर काम करणारे सगळेच गेले होते, त्यात ज्याच्याकडून मी शिकलो तोही होता. दुसरं वाक्य होतं, 'मला नवं काही जमत नाही.' तिथे उजवीकडे लिहावं लागलं की दोन वर्षांत मी नवं काही शिकलो नव्हतो, हे खरंच आहे. म्हणजे सगळेच आरोप खोटे निघत नाहीत. पण 'मी मठ्ठ आहे' याचं काही करता येत नाही, 'दोन वर्षं शिकलो नाही' याचं करता येतं. मी क्लाउडचा एक कोर्स लावला.

उभा_आडवा, तुमच्या धाग्यातच तुमचं उजवीकडचं पान लिहून झालंय असं मला वाटतं. बोटांना आधी कळायचं, हे तुम्हीच लिहिलंय. पोरं काय म्हणायची तेही. आणि इंग्रजी मेलला वेळ लागायचा हे खरं असेल तर तेवढंच खरं आहे, त्याच्या पुढे काही नाही.

अजून एक. नोकरीच्या जाहिराती दिवसभर बघू नका. मी रात्री बारालाही मोबाईलवर तेच बघायचो आणि प्रत्येक जाहिरात मला सांगायची की तुझ्यात काय काय नाही. नंतर सकाळचा दीड तास ठरवला, तेवढ्यात अर्ज करायचे, मग ॲप बंद. मुलाखतीत नोकरी का सुटली असं विचारलं की मी आता दोन वाक्यांत सांगतो आणि थांबतो. आधी पाच मिनिटं खुलासा करायचो, त्यात समोरच्याला वाटायचं काहीतरी लपवतोय.

पार्कचौक

सगळे मनाबद्दल लिहिताहेत, ते बरोबरच आहे. पण पैशाची धास्ती मनालाच खाते, म्हणून हिशेबाचं लिहितो.

ग्रॅच्युइटी मिळाली का? पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. शेवटचा पगार, म्हणजे मुख्यतः मूळ अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २६,००० वर दहा वर्षं असतील तर १,५०,००० होतात. देणं लागू झाल्यापासून ३० दिवसांत द्यायला हवी. पर्यवेक्षक असलात तरी फरक पडत नाही. छाटणीची भरपाई, म्हणजे वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, ही वेगळी. तिथे मात्र तुम्ही कायद्याने 'कामगार' ठरता की नाही हा प्रश्न येतो. ते कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन विचारा, नियुक्तीपत्र आणि पगाराच्या पावत्या बरोबर न्या.

पगार २१,००० च्या आत असून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम. तिची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत असतं, म्हणून आत्ता लागू आहे का ते ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या. तुमच्याबरोबर गेलेल्या पोरांना हे नक्की सांगा, त्यांच्यातल्या कितीजणांना ही योजना ठाऊकच नसेल. पीएफ मात्र घाईने मोकळा करू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा धरतात, ती तुटली तर पुढे हळहळ होते.

मंगळवारपेठ

शेंगाचटणी, तुमचं आणि जुनी_पाळी काकांचं वाचून विचार करत बसलो. माझ्या दुकानातल्या दिवसांतही चुलतभाऊ रोज दुपारी जेवताना मला बोलतं करायचा, ते मी लिहायचं सोडूनच दिलं होतं.

उभा_आडवा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

पार्कचौक, ग्रॅच्युइटीचा हिशेब मिळालाय, तुमच्या सूत्राने ताडून पाहिला, बरोबर निघाला. ईएसआयचं मला लागू नाही, पण आमच्या पॅकिंगच्या पोरांना आहे. ते सांगायला म्हणून फोन करायला घेतला, आणि जो फोन मी इतके दिवस टाळत होतो तो झाला. त्यातल्या दोघांना तर वाटत होतं की मीच त्यांच्यावर नाराज आहे. आता सगळ्यांची कागदपत्रं मी गोळा करतोय, अर्ज एकत्र भरायचे ठरलंय. निळीशाई, केलं नाही तर दुसऱ्याचं अडेल असं काम म्हणता ते हेच असावं.

सिव्हिलला जाऊन आलो, बायको बरोबर होती. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, झोपेबद्दल जास्त विचारलं, गोळ्या दिल्यात. अजून फार फरक नाही, पण तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून धीर आहे. उंचकाठी, सरावाला आलो होतो. 'सुट्टी काय?' हा प्रश्न आलाच. 'कारखान्याने माणसं कमी केली, त्यात मीही आहे, दुसरं बघतोय' असं सांगितलं. विचारणारा म्हणाला, त्याच्या मेहुण्याचंही तेच झालंय. पुढे आम्ही काठीबद्दलच बोलत राहिलो.

पहाटे तीनची जाग चालूच आहे. ते लगेच जाईल असं मला वाटतही नाही.

विजापूरवेस

मी फक्त वाचत होते. माझ्या मिस्टरांचं कामही दिवाळीनंतर गेलं. यंत्रमागावर जॉबर होते, माग दुरुस्त करून चालू ठेवायचे. उभा_आडवा दादा, तुम्ही लिहिलंय तसंच सगळं, फक्त ते बोलत नाहीत. पाहुणे आले की उठून आत जातात. मी काही विचारलं की 'बघतोय ना' एवढंच. मी दिवसभर शिलाईकाम करते, युनिफॉर्मचे शर्ट घरी आणून काजं-बटणं करते, आणि त्यांना असं बघून माझाच जीव अर्धा होतो. बायकोने अशा वेळी काय बोलावं? काय बोलू नये? तुम्हाला घरून काय आवडलं, काय टोचलं, ते सांगाल का?

उभा_आडवा

ताई, माझं सांगतो, तुमच्या घरी कसं लागू होईल ते तुम्ही बघा.

मला सगळ्यात टोचायचं ते संध्याकाळी घरात शिरताक्षणी 'काही कळलं का?' हे. काळजीनेच विचारलेलं असायचं, पण उंबऱ्यातच नापास झाल्यासारखं व्हायचं. मी ते बायकोला सांगितलं तेव्हा तिने रविवार ठरवला. रविवारी जेवणं झाली की मी स्वतः सगळं सांगायचं, कुठे अर्ज केला, कुणाचा फोन आला, शिल्लक किती. इतर दिवशी तिने तो विषय काढायचा नाही. त्यामुळे तिलाही आठवडाभर अंधारात राहिल्यासारखं वाटत नाही.

'सगळं ठीक होईल' हे मला ऐकवत नव्हतं. त्यापेक्षा ती एकदा म्हणाली, 'मलाही भीती वाटतेय', तेव्हा बरं वाटलं. तोपर्यंत मला वाटायचं की घरात एकटा मीच घाबरलोय.

पाहुण्यांसमोर ते उठून गेले तर मागून हाक मारू नका, पण ते नसताना त्यांच्याबद्दल खोटंही सांगू नका. बाहेर काय सांगायचं ते दोघांनी मिळून एकदा ठरवा, एकच वाक्य. आमचं ठरल्यापासून मुलगीही तेच सांगते, न अडखळता. आणि तुमचं काजं-बटणांचं काम असतं, त्यातलं काही त्यांच्याकडे द्या. जॉबरच्या हाताला यंत्र कळतं, तुमची शिलाई मशीन कुरकुरत असेल तर त्यांनाच उघडायला सांगा. मदत म्हणून नको, खरंच अडलंय म्हणून सांगा.

त्यांची झोप, जेवण कसं आहे ते मात्र लिहा, निळीशाई ताई सांगतील. सिव्हिलला दाखवायला ते तयार झाले तर मला निरोप करा. मला पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय, सकाळी केसपेपरच्या रांगेत असेन. दोघं बरोबर जाऊ, त्यांना एकट्याने उभं राहायला नको.